पेडलपासून दांडीपर्यंत

४ जानेवारी

प्रिय मामा,

तुला फोन करून करून थकले. दर वेळी मामी उचलते, आणि तू नेमका अंगणात असतोस, नाहीतर झोपलेला, नाहीतर अंघोळीला गेलेला. एवढ्या अंघोळी तू पूर्वी कधी करत नव्हतास. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले.

मला नोकरी लागली हे आईने तुला कळवलंच असेल. काय कळवलं ते मात्र सांगता येत नाही, कारण शेजारी तिने ‘आमची मुलगी कॉलेजात शिकवते’ असं पसरवून ठेवलंय. घरातली पहिली पदवी म्हटल्यावर ती कॉलेजापेक्षा खाली उतरायलाच तयार नाही. मी कॉलेजात शिकवत नाही. मी एका जुन्या व्हॅनमधून प्रयोगशाळा घेऊन शाळाशाळांत जाते. व्हॅनच्या मागच्या सीट काढून तिथे फळ्या ठोकल्या आहेत. त्यांवर सूक्ष्मदर्शक, तराजू, चुंबकं, काचेच्या नळ्या. ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही तिथे आम्ही पाळीपाळीने जातो. पेशीची आकृती तोंडपाठ असलेली मुलगी कांद्याच्या पापुद्र्यात खरी पेशी पाहते, तेव्हा मागची रांग कितीही ओरडली तरी ती भिंगावरचा डोळा काढत नाही. मामा, मला आयुष्यभर हेच काम करायचंय.

गाडी ड्रायव्हरकाका चालवतात. ते बाबांच्या वयाचे आहेत, मुलं त्यांना कॅप्टन म्हणतात. गाडी त्यांच्या हातात आहे ती मी शाळेत होते तेव्हापासून.

आता अडचण सांगते. गेले काही आठवडे गाडीचा गिअर पडत नाही. शाळेच्या दारात रिव्हर्स टाकताना असा आवाज होतो की वर्गातली मुलं खिडक्यांत येतात. वर्षभरात क्लच प्लेट दोनदा बदलून झाली. नवी प्लेट घातली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. संस्थेचे सचिव म्हणाले, आता पुन्हा वाटेत अडकली तर समिती गाडी भंगारात काढेल. दुसरी गाडी घेण्याची संस्थेची ऐपत नाही. म्हणजे ही गाडी गेली की प्रयोगशाळाही गेली.

तू अर्धं आयुष्य गाड्यांच्या खाली घालवलंस. मला सांग, मी कुठून बघायला सुरुवात करू? आवाज रेकॉर्ड करून मामीच्या फोनवर पाठवू का?

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी भाची


९ जानेवारी

शंकासुरास,

पत्र पोचलं. अंघोळीचा विषय पुन्हा काढू नकोस.

रेकॉर्डिंग पाठवू नकोस. फोनमध्ये इंजिन आणि पिठाची गिरणी सारखीच वाजते. तू आवाज लिहून पाठव. करकर, खरखर, किरकिर, घरघर, जसा असेल तसा. कुठून सुरू होतो, कुठे थांबतो तेही लिही. लहानपणी सगळ्यांच्या नकला करायचीस, ती कला कुठेतरी कामाला येऊ दे.

आता क्लचचं. पुस्तकातली व्याख्या मला माहीत नाही, माझी ऐक. इंजिन सारखं फिरत असतं. चाकांनी कधी त्याचा हात धरायचा असतो, कधी सोडायचा असतो. पेडल दाबलं की हात पुरता सुटायला हवा. तुझ्या गाडीत तो सुटत नसावा. ‘नसावा’ लिहिलंय, नीट वाच.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ. गुपचूप पडले तर गिअरबॉक्सवर संशय नको. मग इंजिन चालू करून पेडल भराभर मार आणि लगेच गिअर टाक. त्याने सुधारलं तर पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या तेलाच्या नळीत हवा शिरलीय. नाही सुधारलं तर पेडल दाबून धर आणि वाट बघ. पेडल पायाखालून हळूहळू खचत गेलं तर सिलिंडरचं रबर गेलं. तेलाच्या डबीवर पेन्सिलने खूण करून ठेव, चार दिवसांनी तेल उतरलंय का बघ. एका वेळी एकच काम कर. तुमचा मेकॅनिक सगळं एकदम उघडून बसत असेल. तसं केलं की गाडी कशाने बरी झाली आणि कशाने बिघडली हे देवालाही सांगता येत नाही.

जुनी प्लेट टाकली नसेल तर ती कशी दिसते ते लिही. आणखी जे दिसेल ते लिही, क्षुल्लक वाटलं तरी.

इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. चुकलो तर शेळ्यांचा दोष.

मामा


१४ जानेवारी

प्रिय मामा,

तू सांगितलेलं सगळं एकेक करून केलं. इतकी मजा मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतही आली नव्हती, कारण तिथे उत्तर आधीच फळ्यावर असायचं.

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात. इंजिन चालू केलं की पहिल्याला ‘कर्रर्र’, मग जरा थांबून ‘खट्’. रिव्हर्सला ‘घर्रर्र-कर्र’, त्यानंतर काका जे म्हणतात ते मी लिहीत नाही. नुसतं पेडल दाबून धरलं तर काहीच आवाज नाही, बारीक किरकिरसुद्धा नाही. पेडल भराभर मारून फरक पडला नाही. दाबून धरलं तर खचत नाही. तेल पेन्सिलच्या खुणेवरच आहे. म्हणजे हवा नाही, रबर नाही, गळती नाही. जितकं कळतं तितकं कोडं वाढत चाललंय.

काकांना तुझी पद्धत पटलेली नाही. म्हणाले, “बाई, पत्राने माणसांची लग्नं जुळतात. गिअर नाही जुळत.” मी बॅटरी घेऊन पेडलच्या वर वाकून बघत होते, तर म्हणाले, “तिथे काय बघताय, तिथे धूळ आहे. ओढणी काळी होईल.” मला ओढणीपेक्षा धूळ बघायची होती, पण तेवढ्यात निघायची वेळ झाली.

जुनी प्लेट माझ्याकडे आहे. मी ती भिंगाखाली ठेवली. दोन्ही बाजू काळ्या, काचेसारख्या गुळगुळीत, आणि मधल्या लोखंडावर निळसर झाक. काका सपाट रस्त्यावरही डावा पाय पेडलवर टेकवून बसतात. याला काही अर्थ आहे की नाही ते मला माहीत नाही, पण तूच म्हणालास क्षुल्लक वाटलं तरी लिही.

उत्सुक,
तुझी भाची


१८ जानेवारी

शंकासुरास,

चोर सापडला. एवढी छान माहिती लिहिलीस आणि चोराला शेवटच्या ओळीत बसवलंस.

प्लेट काळी, गुळगुळीत, निळी म्हणजे जळालेली. प्लेट जळते ती घासून. घासते कारण पेडलवर सारखा पाय. गाडी चालते आहे आणि क्लच अर्धवट दाबलेला आहे, मग होणार काय? असे डावे पाय मी पोत्याने पाहिलेत. प्रत्येक जण शपथ घेऊन सांगायचा की मी पाय ठेवत नाही, आणि पेडलचं रबर एका बाजूने झिजून पापडासारखं झालेलं असायचं.

नवी प्लेट घाला आणि कॅप्टनला म्हणावं पाय जमिनीवर ठेव. विषय संपला.

मामा


२८ जानेवारी

प्रिय मामा,

विषय संपला नाही. उलट वाढला, आणि तो मी वाढवला.

दर महिन्याला मला सचिवांना अहवाल द्यावा लागतो. किती शाळा झाल्या, काय फुटलं, काय हवं. त्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं की एका अनुभवी मेकॅनिकच्या मते बिघाडाचं कारण चालकाची पेडलवर पाय ठेवण्याची सवय आहे. मला वाटलं, काकांना कोणी दोन गोष्टी समजावून सांगेल. सचिवांनी त्यांना घरी बसवलं. दहा तारखेला समितीची बैठक आहे, तिथे त्यांना कायमचं काढण्याचं ठरेल.

किल्ली देताना काका भांडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, “रेडिएटरचं पाणी अधूनमधून बघत जा. तिला तहान फार लागते.” आणि गेले.

त्यांच्या जागी एक तात्पुरते चालक आले. पहिल्या दिवशी मी पूर्ण वेळ त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. त्यांना माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते असो. पाय एकदाही पेडलवर टेकला नाही. नवी प्लेट घातलेली होती. आणि आठवड्याच्या आत पुन्हा ‘कर्रर्र’. ते गृहस्थ म्हणाले, “ताई, ही गाडी चालवायला माणूस नको, पैलवान पाहिजे,” आणि दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. गाडी आता शेडमध्ये उभी आहे.

मामा, मला एक शंका आहे. पाय टेकवून प्लेट झिजली तर क्लच घसरायला हवा ना? म्हणजे इंजिन जोरात फिरेल पण गाडी ओढणार नाही. आपली गाडी तर चढावर छान ओढते. आपला क्लच घसरत नाही, तो सुटत नाही. हे एकमेकांच्या उलट नाही का? जळालेली प्लेट कारण नसून परिणाम असेल तर? हात पुरता सुटतच नसेल तर प्लेट घासत राहणारच, मग पाय कुठेही असो.

माझं चुकत असेल तर सांग. पण चुकत नसेल तर एका माणसाची नोकरी आपल्या दोघांमुळे चालली आहे. हातात थोडे दिवस आहेत.

तुझी भाची


१ फेब्रुवारी

शंकासुरास,

तुझी शंका बरोबर आहे. हे वाक्य पुन्हा लिहायला लावू नकोस.

घसरणं वेगळं, न सुटणं वेगळं. हे मी पोरसवदा असल्यापासून जाणतो, आणि तरी चुकलो. ‘डावा पाय’ एवढं वाचलं आणि पुढचं डोकं बंद झालं. मेकॅनिकला आधी ड्रायव्हरच दिसतो आणि ड्रायव्हरला मेकॅनिक. गाडी दोघांच्या मध्ये उभी असते, तिच्याकडे कोणी बघत नाही.

आता असं कर. गाडीखाली, गिअरबॉक्सच्या कुशीला एक लहान सिलिंडर दिसेल. पेडल दाबलं की त्याची दांडी पुढे सरकून क्लचला ढकलते. ती किती सरकते ते मोज. अंगठ्याच्या नखाएवढी सरकली तर वरचं सगळं ठीक, दोष आत आहे. कमी सरकली तर दोष पेडल आणि दांडी यांच्या मध्ये कुठेतरी आहे. चाकांना दगड लाव, मगच खाली शिर. तुझ्या आईला मला तोंड दाखवायचंय.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून. तू फोन करत जाऊ नकोस, त्यांना वाईट वाटतं. दोन वर्षांपासून त्यांना फोनवरचं काही ऐकू येत नाही, आता समोरचंही फारसं येत नाही. गॅरेज त्यासाठीच बंद केलं, सगळ्यांना सांगितलं तसं गुडघ्यासाठी नाही. कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद आहे. पण तुझं पत्र आलं की खिडकीत बसतात, आणि ‘कर्रर्र’ लिहिलेलं असेल तिथे ओठ हलवून बघतात. मग डोळे मिटून बसतात. त्या वेळी हाक मारलेली चालत नाही. म्हणून आवाज नीट लिहीत जा.


६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पाकीट नीट चिकटलेलं होतं. त्यापलीकडे मी काही लिहीत नाही.

या वेळी लिहायला आवाज नाही. ही खोड मुकीच आहे, म्हणून ती कोणालाच सापडत नव्हती. पण सगळं क्रमाने सांगते.

पेडल दाबायला शेडमध्ये कोणी नव्हतं. मी सीट आणि पेडल यांच्यामध्ये फळी अडकवून पेडल दाबलेलं ठेवलं, चाकांना दगड लावले आणि खाली शिरले. दांडीवर आधी खडूने खूण केली होती. ती सरकली होती, पण अर्ध्या नखाएवढीच. फळी काढून, पुन्हा लावून, पुन्हा मोजलं. तेच.

मी तिथेच गाडीखाली पडून विचार करत राहिले. वर पेडल तळापर्यंत जातं. खाली दांडी निम्मीच सरकते. मग मधली हालचाल गेली कुठे? तेल दाबून लहान होत नाही. ते गळत नाही, त्यात हवा नाही. हालचाल अशी हवेत विरत नाही मामा, ती कुठेतरी खर्च झालेली असते. म्हणजे जे हलायला नको असं काहीतरी हलत होतं.

पेडलच्या समोर जो पत्रा आहे, त्याच्या पलीकडच्या बाजूला तेलाचा वरचा सिलिंडर बसवलेला आहे. समोरचं झाकण उघडून मी त्याला हाताने हलवलं, तर तो दगडासारखा घट्ट. नटही घट्ट. पण माझ्या हाताचा जोर आणि पायाचा जोर यात फरक आहे. मी पेडल दाबत असताना मला समोर जाऊन बघता येत नव्हतं, म्हणून प्रयोगाच्या पेटीतली चिकणमाती काढली. सिलिंडरच्या टोकापुढे एक आडवी पट्टी आहे. त्या दोघांच्या मधल्या फटीत मातीची एक गोल गोळी बसवली. आत जाऊन पेडल दाबलं, सोडलं, बाहेर येऊन बघितलं. गोळी चपटी झाली होती.

सिलिंडर स्वतःच पुढे सरकत होता, पत्र्यासकट. पेडलचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जात होता. म्हणजे आपण वर्षभर आजार रेड्याला आणि औषध पखालीला देत होतो.

मग मी पेडलमागच्या पत्र्यावर अंथरलेला जाड लोकरी नमदा उचलला. काकांनी जिथे धूळ आहे म्हणून सांगितलं होतं तिथे धूळ नव्हती. तिथे पुट्टीसारखी लांबी भरलेली होती, आणि वरून तपकिरी रंगाचा हात. हा रंग मी ओळखते. आमच्या फळ्यांना काकांनी याच रंगाने रंगवलंय. नखाने खरवडल्यावर लांबी निघाली, आणि बोल्टच्या भोकापासून निघालेली एक भेग दिसली. चार बोटं लांब. वरच्या टोकाला केसासारखी बारीक.

मी तशीच, मातीच्या हातांनी काकांच्या घरी गेले. ते दारात एका स्टुलाचा पाय बसवत होते. काकू मला बघून आत गेल्या.

काका म्हणाले, “विचारायला आलात की सांगायला?”

“विचारायला. भेग कधीपासून आहे?”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. “कोणती भेग, असं म्हणणार होतो. पण तुमचे हात बघून म्हणवत नाही.”

ते म्हणाले, गेल्या उन्हाळ्यात तळपायाला जाणवलं. पेडल दाबलं की काहीतरी लचकायचं, पत्र्याच्या डब्यावर पाय पडल्यासारखं. नमदा उचलून बघितलं तर भेग. त्यांच्या ओळखीच्या एका चालकाची गाडी पत्रा सडला एवढ्या एका शेऱ्यावर भंगारात गेली होती. “पत्रा म्हणजे गाडीचं हाड. प्लेट गेली म्हटलं तर लोक प्लेट विचारतात. हाड मोडलं म्हटलं तर कोणी औषध विचारत नाही, खड्डा खणायला घेतात. म्हणून लांबी भरली.”

“आणि पायाचा आळ आला तेव्हा गप्प बसलात?”

“तुमच्या मामांनी आयतं कारण दिलं. बाई, मी गेलो तर दुसरा ड्रायव्हर मिळतो. गाडी गेली तर दुसरी मिळते का, सांगा.”

मला राग आला. मी म्हटलं, त्या गाडीत तुमच्या शेजारी मी बसत होते. एखाद्या उतारावर तो पत्रा पेडलसकट निसटला असता तर? त्यांनी स्टुलाचा पाय हलवून बघितला. मग म्हणाले, “हळू चालवत होतो.” आणि हातोडी पुन्हा उचलत, “तुम्ही रोज शेजारी बसून मामांना पत्रं लिहीत होता. मला एकदा तरी विचारायचं होतंत. खोटं बोलायला मला जड गेलं असतं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो मीच घातला. पण त्यांनी लपवलं हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

काकांनी मला गळ घातली आहे की समितीला भेगेचं सांगू नका. नाही सांगितलं तर ते जातील. सांगितलं तर कदाचित गाडी जाईल. मी सांगणार आहे. खोट्या गाडीतून मुलांना खरं विज्ञान दाखवायला मला नाही जमणार. फक्त एवढं विचारते, आणि तुझं उत्तर वेळेत येणार नाही हे माहीत असून विचारते. मोडलेलं हाड जुळतं का?

तुझी भाची


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझा फोन मी जन्मभर विसरणार नाही. बैठकीच्या सकाळी मामीचा नंबर बघून मी घाबरले होते. उचलला तर तुझा आवाज, गॅरेजभर ऐकू जायचा तसा. “मध्ये बोलू नकोस. बोललीस तरी मला कळणार नाही. कागद घे. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग वेल्डिंग. मग पत्र्याच्या दोन्ही बाजूंना जाड पट्टी आणि आरपार बोल्ट. चांगल्या कारागिराचं अर्ध्या दिवसाचं काम. हाड जुळतं. पत्रा बाकी कुठे सडलाय का ते आधी हातोडीने ठोकून बघा. खण वाजला तर चांगला, भद वाजला तर सोडून द्या. लिहिलंस?” मी हो म्हणाले. तू म्हणालास, “हो म्हणाली असशील. ठेवतो,” आणि ठेवलास.

मी काकांना घेऊन शेडमध्ये गेले. हातोडीने आम्ही पत्रा कोपऱ्या-कोपऱ्यात ठोकला. सगळीकडे ‘खण्’. फक्त भेगेपाशी ‘खर्’.

बैठकीत मी समितीला म्हटलं, कृपा करून शेडमध्ये चला, मला इथे समजावता येणार नाही. ते आले. सचिवांच्या हातात बॅटरी देऊन त्यांना समोरून सिलिंडरकडे बघायला सांगितलं आणि काका आत बसले. काकांनी पेडल दाबलं.

सचिव म्हणाले, “पुन्हा दाबा.” मग, “पुन्हा.” मग इतरांना जवळ बोलावून म्हणाले, “हा बघा, मान डोलावतोय.” पुढची दहा मिनिटं समितीतल्या सगळ्यांना एकेकदा वाकून बघायचं होतं. मामा, ती सगळी मोठी माणसं अगदी आपल्या शाळांतल्या मुलांसारखी रांगेत उभी होती, आणि जो बघत होता तो हटायला तयार नव्हता.

पण मग सचिवांनी विचारलं, ही लांबी कोणी भरली? मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, “मी.”

सचिव चिडले, आणि ते योग्यच होतं. पाय टेकवण्यापेक्षा हे मोठं आहे, म्हणाले. मी तुझ्या फोनचा कागद वाचून दाखवला. म्हटलं, त्यांना वाटलं होतं की भेगेला उपाय नाही. उपाय आहे हे मलाही आज सकाळीच कळलं. आणि माझ्या अहवालात जे पायाबद्दल लिहिलं होतं ते खोडून टाका, ते निदान चुकीचं होतं. तर काका मागून म्हणाले, “ते राहू द्या. पाय ठेवतो मी.” सचिवांना हसू आवरेना, आणि हसल्यावर माणसाला पहिल्याइतकं चिडता येत नाही.

शेवटी असं ठरलं. वेल्डिंग करायचं, बाहेरच्या तपासणीसाकडून गाडी तपासून घ्यायची. तो हो म्हणाला तर गाडीही राहील आणि काकाही. काकांना लेखी ताकीद मिळाली आहे. ती त्यांनी उभ्याने वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि मला म्हणाले, “बरोबर लिहिलंय.”

आता तपासणीस काय म्हणतो ते बघायचं. काकांचा पत्ता सोबत लिहिते. तू त्यांना लिहावंस असं मला वाटतं. काय लिहावंस ते तुला कळतं.

तुझी भाची


५ मार्च

मामासाहेबांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं. मला लिहायची सवय नाही, म्हणून उत्तराला वेळ लागला. तुम्ही न बघता माझ्यावर आळ घेतला म्हणून दिलगीर आहात असं लिहिलंत. दिलगिरी निम्मीच घेतो. निम्मा आळ खरा होता. पेडलचं रबर एका बाजूने झिजून पापड झालंय, तुम्ही म्हणता तसंच. आता पाय खाली ठेवतो. पहिले काही दिवस डाव्या पायाला काय करावं कळत नव्हतं, रिकामं बसून तो भांडखोर झाला होता.

तपासणीस आला, त्याने दोन्ही पट्ट्या बघितल्या, पेडल दाबून, सोडून, खाली शिरून बघितलं. दांडी आता नखभर सरकते. सही करून गेला. बाईंनी तुम्हाला ते कळवलं असेलच. सही होईपर्यंत मी शेडच्या बाहेर उभा होतो. आत जाववेना.

आज टेकडीवरच्या शाळेत आलोय. रिव्हर्स टाकला तर आवाज नाही. एकही मूल खिडकीत आलं नाही, म्हणून हॉर्न वाजवावा लागला.

आता ज्यासाठी लिहितोय ते. आज उतारावर ब्रेक दाबला तेव्हा मागच्या डाव्या चाकातून ‘चींऽऽ’ असा बारीक आवाज आला. दाबून धरला तर ‘चीं’ तुटून ‘चिक् चिक्’ होतं. सोडला की बंद. गाडी थांबते नीट, एका बाजूला ओढत नाही. गाडी उभी केल्या केल्या आधी बाईंना सांगितलं. त्या वर्ग सुरू करून देऊन आल्या, आणि आत्ता चाकापाशी बसून भिंगातून बघतायत. आवाज आजच सुरू झाला, आजच कळवतो आहे.

कॅप्टन